स्क्रिप्टिंग भाषांतील ॲरे-निर्देशांकाच्या चुका : स्वरूप, शोध आणि निवारण

बीजसंज्ञा : स्क्रिप्टिंग भाषा, ॲरे, निर्देशांक, डीबगिंग, पायथन

प्रस्तावना

अंतर्गत गुणांची बेरीज, हजेरीची टक्केवारी, गुणवत्ता यादी, ग्रंथालयातील न परतलेल्या पुस्तकांची नोंद अशी महाविद्यालयीन कामे आता बऱ्याचदा एखाद्या प्राध्यापकाने स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामच्या साहाय्याने केली जातात. हे प्रोग्राम प्रामुख्याने पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्ट, पर्ल किंवा आर यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषांत लिहिले जातात. या भाषांत चलाचा प्रकार आधी जाहीर करावा लागत नाही, यादीची लांबी आधी ठरवावी लागत नाही, आणि लिहिलेला प्रोग्राम वेगळ्या भाषांतराच्या पायरीशिवाय लगेच चालवून पाहता येतो. संगणकशास्त्र हा ज्यांचा विषय नाही अशा अभ्यासकांनाही त्या जवळच्या वाटतात, त्याचे कारण हेच होय.

या सोयींबरोबर एक विशिष्ट प्रकारची चूकही येते. ती म्हणजे ॲरेमधील घटकाकडे बोट दाखविणारा क्रमांक, अर्थात निर्देशांक, चुकणे. प्रस्तुत लेखात या चुकीचे स्वरूप आणि ती शोधण्याची रीत यांचा विचार केला आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. निर्देशांक चुकल्यावर जो प्रोग्राम बंद पडतो तो वापरणाऱ्यास त्रास देतो, परंतु फसवीत नाही. जो प्रोग्राम बंद न पडता पुढे चालत राहतो, त्याची चूक छापील यादीपर्यंत आणि तेथून विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपर्यंत पोहोचते. डीबगिंगविषयीच्या सर्वसाधारण विवेचनात पहिल्या प्रकाराकडे जितके लक्ष दिले जाते, तितके दुसऱ्याकडे दिले जात नाही.

शून्यापासून मोजणी

ॲरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने मांडलेल्या घटकांची यादी. ६० विद्यार्थ्यांचे गुण 'गुण' या नावाच्या ॲरेत ठेवले, तर पायथन, पर्ल, पीएचपी व जावास्क्रिप्ट या भाषांत पहिला घटक गुण[०] आणि शेवटचा गुण[५९] असतो. गुण[६०] नावाचा घटक अस्तित्वातच नसतो. आपल्याकडील इमारतींत तळमजल्यानंतर पहिला मजला येतो, म्हणजे 'पहिला मजला' हा प्रत्यक्षात दुसरा थर असतो. निर्देशांकाचा हिशोब याच जातीचा आहे.

शून्यापासूनच का, या प्रश्नाचे विवेचन डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका छोट्या टिपणात केले आहे. पूर्णांकांची सलग मालिका सांगताना आरंभ धरावा व शेवट वगळावा, हा संकेत त्यांनी श्रेयस्कर मानला. त्यात दोन टोकांची वजाबाकी म्हणजेच मालिकेची लांबी होते, आणि एक मालिका जेथे संपते तेथूनच पुढची सुरू होते. हा संकेत मान्य केला की 'शून्यापासून ६० पर्यंत, ६० वगळून' असे लिहिणे 'एकपासून ६१ पर्यंत, ६१ वगळून' यापेक्षा सरळ ठरते. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील मेसा या भाषेचा अनुभव त्यांनी आधारासाठी घेतला होता. त्या भाषेत चारही प्रकारचे संकेत उपलब्ध होते, आणि उरलेले तीन वापरणाऱ्यांकडून चुका होत असल्याचे आढळले होते.

तथापि सर्व भाषांनी हा मार्ग पत्करलेला नाही. आर आणि लुआ या भाषांत मोजणी १ पासून होते. ऑक या १९७७ मधील भाषेत ओळीचे तुकडे करून ॲरेत भरले असता पहिल्या तुकड्याचा क्रमांक १ असतो. पर्लमध्ये तर आरंभाचा क्रमांक प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः बदलावा अशी सोय दीर्घकाळ होती. २०१९ च्या ५.३० या आवृत्तीत ती अखेर बंद झाली. जी सोय वापरल्याने दुसऱ्याचा प्रोग्राम वाचता येईनासा होतो, ती काढण्यास इतका काळ लागावा हे नवल आहे.

एका स्थानाची चूक केवळ संगणकाने आणली असे मात्र नाही. सोमवारी एखाद्याला 'आठ दिवसांनी या' असे सांगितले, तर तो पुढच्या सोमवारी येतो. मध्ये सातच दिवस गेलेले असतात. दोन्हीकडचे सोमवार धरले की आठ होतात. आठवडा या शब्दात आठ हा आकडाच बसलेला आहे, आणि 'पंधरा दिवसांनी' याचा व्यवहारातील अर्थ चौदा दिवसांनी असा होतो. दोन्ही टोके धरून मोजणाऱ्या या सवयीत वाढलेल्या विद्यार्थ्यास शेवटचे टोक वगळणारी मोजणी प्रथमदर्शनी विचित्र वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. शिक्षकाने हा फरक पहिल्याच तासाला फळ्यावर मांडलेला बरा.

चुकीच्या निर्देशांकाचे भाषा काय करते ?

एक साधा प्रसंग घेऊ. हजेरीक्रमांक १ पासून सुरू होतात व ॲरे शून्यापासून, म्हणून प्रोग्राममध्ये 'गुण[क्रमांक − १]' असे लिहिलेले आहे. एका विद्यार्थ्याचा प्रवेश उशिरा झाला. त्यास अद्याप क्रमांक मिळालेला नाही, म्हणून नोंद करणाऱ्याने त्या रकान्यात ० लिहिले. आता प्रोग्राम गुण[−१] मागतो.

पायथनमध्ये −१ या निर्देशांकाचा अर्थ 'शेवटून पहिला' असा आहे. त्यामुळे कोणतीही तक्रार न होता नव्या विद्यार्थ्याच्या नावापुढे यादीतील शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण छापले जातात. पर्लमध्येही हेच घडते. जावास्क्रिप्टमध्ये 'अनडिफाइन्ड' हे मूल्य मिळते आणि प्रोग्राम चालू राहतो. पीएचपीच्या दृष्टीने −१ ही केवळ एक किल्ली आहे. ती नसल्यास इशारा दिला जातो व रिकामे मूल्य हाती येते. आर भाषेत −१ याचा अर्थ 'पहिला घटक वगळून उरलेले सर्व' असा असल्याने एका संख्येऐवजी ५९ संख्या मिळतात. ऑकमध्ये ही सोय आणखीच घातक आहे, कारण नसलेला घटक नुसता वाचल्याने तो रिकाम्या मूल्यासह तयार होतो आणि ॲरेची लांबी एकाने वाढते. एकाच चुकीला इतकी भिन्न उत्तरे मिळत असल्याने एका भाषेतील सवय दुसऱ्या भाषेत जशीच्या तशी नेता येत नाही.

मर्यादेच्या पलीकडचा, म्हणजे गुण[६०], वाचला तर पायथन 'इंडेक्सएरर' देऊन थांबते. जावास्क्रिप्ट येथेही 'अनडिफाइन्ड' देते. त्यात संख्या मिळविली की 'संख्या नव्हे' या अर्थाचे एक विशेष मूल्य तयार होते, आणि पुढील प्रत्येक बेरजेत तेच उतरत जाते. या मूल्याची कोणत्याही संख्येशी तुलना केली असता उत्तर 'असत्य' येते. म्हणून 'एकूण गुण ४० किंवा अधिक असल्यास उत्तीर्ण, अन्यथा अनुत्तीर्ण' असे लिहिलेल्या प्रोग्राममध्ये तो विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. त्याने किती गुण मिळविले याचा या निकालाशी काहीही संबंध नसतो. पर्लमध्ये नसलेले मूल्य बेरजेत शून्य मानले जाते. इशारे देण्याची सूचना प्रोग्रामच्या आरंभी दिलेली असेल, तरच त्याचा सुगावा लागतो. पीएचपीच्या ८.० आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, अशा प्रसंगी केवळ सौम्य सूचना मिळत असे. त्यानंतर तिचा दर्जा वाढवून इशारा करण्यात आला. मात्र सर्व्हरवर इशारे पडद्यावर न दाखविण्याची मांडणी केलेली असल्यास तो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

निर्देशांकाची तपासणी भाषेनेच करावी की वेगासाठी ती सोडून द्यावी, हा वाद जुना आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात आपल्या तरुणपणातील एक अनुभव नमूद केला. इलियट कंपनीच्या संगणकासाठी अल्गोल ६० ही भाषा तयार करताना त्यांच्या गटाने प्रत्येक निर्देशांक प्रोग्राम चालू असताना तपासण्याची व्यवस्था ठेवली होती. पुढे कित्येक वर्षांनी, वेग वाढविण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे ग्राहकांना विचारण्यात आले. सर्वांनी एकमुखाने नकार दिला. प्रत्यक्ष कामात निर्देशांक किती वेळा चुकतो हे त्यांना अनुभवाने कळले होते.

तपासणी नसल्यास काय घडू शकते याचे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरमध्ये २१ रकान्यांची अपेक्षा होती, तर प्रत्यक्षात २० मूल्ये पुरविलेली होती. विसाव्या मूल्याच्या पुढचे वाचण्याच्या प्रयत्नात विंडोज प्रणाली कोसळू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना त्याचा फटका बसला. ते सॉफ्टवेअर स्क्रिप्टिंग भाषेतील नव्हते, तर प्रणालीच्या गाभ्यात चालणारे होते. स्क्रिप्टिंग भाषा स्मृतीच्या मर्यादेबाहेर जाऊ देत नसल्याने तेथे असा कोसळा संभवत नाही. तेथील धोका शांतपणे चुकीचे उत्तर मिळण्याचा आहे.

एका फाईलची कथा

आता शोधाच्या रीतीकडे वळू. गुणांची एक सीएसव्ही फाईल आहे. प्रत्येक ओळीत स्वल्पविरामांनी विलग केलेले सात रकाने आहेत : आसनक्रमांक, नाव आणि पाच चाचण्यांचे गुण. पायथनमध्ये ओळ स्वल्पविरामापाशी तोडली की सात घटकांची यादी मिळते, तिचे निर्देशांक ० ते ६. प्रोग्राम चालविला असता मध्येच थांबला आणि 'यादीचा निर्देशांक मर्यादेबाहेर' अशा अर्थाचा संदेश आला.

या संदेशात प्रोग्रामच्या ओळीचा क्रमांक असतो. फाईलमधील कोणत्या ओळीवर गाडी अडली ते नसते. कोणता निर्देशांक मागितला आणि यादी किती लांब होती, हेही नसते. (नमपाय या गणिती संचाचा संदेश या दोन्ही संख्या सांगतो. मूळ भाषेने हे औदार्य अजून दाखविलेले नाही.) ही उणीव प्रथम भरून काढावी लागते. चुकीच्या ओळीच्या अगोदर फाईलमधील ओळीचा क्रमांक, यादीची लांबी आणि स्वतः यादी छापण्याची आज्ञा घालावी. यादी छापताना अवतरणचिन्हांसह छापली, तर रिकामी जागा, ओळ संपल्याची खूण व कोरा मजकूर हेही नजरेस पडतात.

त्यानंतर एकच प्रश्न विचारावयाचा : निर्देशांक मोठा आहे की यादी लहान आहे ? निर्देशांकाची चूक ही नेहमी या दोहोंमधील विसंवादाची चूक असते, आणि त्यांपैकी खोटे कोण बोलत आहे हे ठरल्याविना दुरुस्तीस हात घालू नये. नवशिका बहुधा निर्देशांकच दोषी मानतो. तो कोठेतरी १ वजा करतो, संदेश नाहीसा होतो, आणि मूळ दोष तसाच राहतो.

प्रस्तुत फाईलमध्ये यादी लहान होती. समजा, ३७ व्या ओळीत सहाच घटक आढळले. तो विद्यार्थी दुसऱ्या चाचणीस गैरहजर होता, आणि नोंद करताना त्या जागेचा स्वल्पविरामही गाळला गेला. परिणामी तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या चाचणीचे गुण एकेक घर अलीकडे सरकले. प्रोग्रामने निर्देशांक २ ते ५ निर्धास्तपणे वाचले आणि तो ६ वर अडला. संदेशावरून दोष पाचव्या चाचणीत वाटतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या चाचणीत होता. शिवाय पाचव्या रकान्याची गरजच नसती, म्हणजे केवळ पहिल्या चार चाचण्यांची सरासरी काढावयाची असती, तर कोणताही संदेश न येता तिसऱ्या चाचणीचे गुण दुसरीचे म्हणून धरले गेले असते.

याच फाईलच्या अखेरीस एक कोरी ओळही होती. कोरी ओळ तोडली असता शून्य घटकांची यादी मिळेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात स्वल्पविरामापाशी तोडलेल्या कोऱ्या ओळीतून एक कोरा घटक असलेली यादी मिळते. म्हणून आसनक्रमांक वाचताना अडचण येत नाही आणि नावाच्या रकान्यावर प्रोग्राम थांबतो.

येथे एक उपाय सहज हाताशी असतो. चुकीचा संभव असलेला भाग 'ट्राय-एक्सेप्ट' या रचनेत ठेवावा आणि चूक झाल्यास ती ओळ सोडून द्यावी. असे केल्याने संदेश थांबतात. कोरी ओळ सुटते, आणि तिच्यासोबत ३७ व्या ओळीवरचा विद्यार्थीही सुटतो. यादीत ६० ऐवजी ५९ नावे छापली जातात. छापलेली नावे मोजण्याची प्रथा नसल्याने हे त्या विद्यार्थ्याच्या तक्रारीनंतरच उघडकीस येते, आणि तोपर्यंत गुण पुढे पाठविण्याची मुदत कदाचित उलटून गेलेली असते. भाषेने दिलेला इशारा प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वहस्ते बंद करण्याचा हा प्रकार होअर यांच्या ग्राहकांनी नाकारलेल्या सोयीपेक्षा वेगळा नाही.

योग्य दुरुस्तीत दोन बाबी निराळ्या ठेवाव्या लागतात. ओळ कोरी असल्यास ती जाणीवपूर्वक ओलांडावी. ओळ कोरी नसून घटक सात नसल्यास, ओळीचा क्रमांक सांगून थांबावे व फाईल दुरुस्त करावी. नावातच स्वल्पविराम असण्याची शक्यता असेल, तर ओळ स्वतः न तोडता पायथनच्या सीएसव्ही विभागाकडे ते काम सोपवावे. तो अवतरणातील स्वल्पविराम ओळखतो. मात्र तो कोऱ्या ओळीसाठी खरोखरच शून्य घटकांची यादी देतो. म्हणजे बदल केल्यानंतर तीच कोरी ओळ एक पायरी आधी, आसनक्रमांकावरच अडेल.

चालू यादीतून घटक काढणे

दुसरा वारंवार आढळणारा प्रकार असा. ६० नावांच्या यादीतून गैरहजर विद्यार्थी वगळावयाचे आहेत. लूप ० ते ५९ असा ठरलेला आहे आणि गैरहजर आढळताच तो घटक त्याच यादीतून काढला जातो. समजा, निर्देशांक १२, १३ व ४० वरील विद्यार्थी गैरहजर आहेत. बारावा काढताच तेरावा त्याच्या जागी सरकतो, पण लूप तोवर १३ वर गेलेला असतो. त्यामुळे तो विद्यार्थी तपासलाच जात नाही. पुढे आणखी एक घटक निघतो, यादी ५८ ची होते, आणि लूप ५८ या निर्देशांकावर येऊन आदळतो.

हा आघात उपयुक्त आहे, कारण त्यामुळेच तपास सुरू होतो. परंतु निर्देशांक लांबीपेक्षा कमी असेल तरच पुढे जावे, अशी अट टाकून तो टाळला, तर प्रोग्राम सुरळीत संपतो आणि एक गैरहजर विद्यार्थी हजर म्हणून यादीत राहतो. निर्देशांकाऐवजी थेट घटकांवर लूप चालवून त्यातच घटक काढल्यास आघात होतच नाही, केवळ शेजारचा घटक वगळला जातो. यावर दोन उपाय आहेत : यादी शेवटाकडून आरंभाकडे तपासावी, म्हणजे न पाहिलेल्या घटकांची स्थाने बदलत नाहीत, किंवा हजर विद्यार्थ्यांची नवी यादी तयार करावी. दुसरा उपाय वाचणाऱ्यासही चटकन समजतो.

पीएचपीमध्ये घटक काढल्यावर उरलेले सरकत नाहीत, मधली जागा रिकामी राहते. तेथे ० पासून एकूण संख्येपर्यंत लूप चालविला, तर रिकाम्या जागेवर इशारा मिळतो आणि अखेरचा घटक सुटतो. किल्ल्या नव्याने क्रमवार लावून घेणे हा त्यावरील उपाय होय.

निर्देशांक टाळण्याचा सल्ला

निर्देशांक वापरूच नये, घटकांवर थेट लूप चालवावा, असा सल्ला पाठ्यपुस्तकांत दिला जातो. तो बहुतांशी योग्य आहे, परंतु सर्वस्वी नाही. नावांची एक व गुणांची दुसरी अशा दोन याद्या जोडीने वाचण्यासाठी पायथनमध्ये 'झिप' ही सोय आहे. नावे ६० आणि गुण ५९ असल्यास ती ५९ जोड्या देऊन मुकाट्याने थांबते. निर्देशांक वापरला असता, तर येथे निदान प्रोग्राम अडला असता. २०२१ मधील ३.१० या आवृत्तीपासून 'झिप'ला काटेकोरपणाची सूचना देता येते, आणि मग लांबी असमान असल्यास ती चूक जाहीर करते. ही सूचना आपणहून लागू नसते, लिहावी लागते.

खरा दोष दोन समांतर याद्या ठेवण्यातच आहे. आसनक्रमांक ही किल्ली मानून त्याखाली नाव व गुण एकत्र ठेवल्यास स्थानाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय नसलेली किल्ली वाचू गेल्यास पायथन ते स्पष्टपणे सांगते.

काही साधने

पायथनच्या ३.११ या २०२२ मधील आवृत्तीपासून चुकीच्या संदेशात ओळीतील नेमक्या भागाखाली खूण दाखविली जाते. एकाच ओळीत तीन-चार निर्देशांक असताना हे फार उपयोगी पडते. प्रोग्राम जेथे थांबला तेथील चलांची मूल्ये तपासण्यासाठी 'पीडीबी' हा डीबगर भाषेसोबतच मिळतो. 'यादीची लांबी सात आहे' यासारखे गृहीत 'असर्ट' आज्ञेने लिहून ठेवता येते, आणि ते खोटे ठरताच प्रोग्राम थांबतो. मात्र प्रोग्राम जलद आवृत्तीच्या पर्यायासह चालविल्यास या आज्ञा वगळल्या जातात. म्हणून बाहेरून आलेल्या फाईलची तपासणी साध्या अटीने करावी.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मुद्दाम तयार केलेल्या छोट्या फाईली होत. एक पूर्ण रिकामी. एक केवळ एका विद्यार्थ्याची. एकीत पहिला व अखेरचा विद्यार्थी गैरहजर, दुसरीत लागोपाठचे दोन गैरहजर, एकीत हजेरीक्रमांक ०, एकीत स्वल्पविराम गाळलेला आणि एकीत शेवटी कोरी ओळ. प्रत्येक फाईलसाठी किती नावे छापली जावयास हवीत ते प्रोग्राम चालविण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे, आणि छापलेली नावे प्रत्यक्ष मोजून पाहावीत.